कुवेतचे पाणी आणि डोक्यावरचे केस



मे महिन्यात रत्नागिरीतून आंब्याच्या पेट्या बाहेर जातात आणि आखातातली मुले घरी येतात. राजिवडा, मिरकरवाडा, साखरतर, कुठेही पाहा, महिना-दीड महिन्याच्या सुट्टीत घराचा स्लॅब, बहिणीचा निकाह आणि स्वतःसाठी रिश्ता, सगळेच उरकायचे असते. अशाच घाईत एक आई आपल्या २७ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलगा कुवेतला एसीच्या कामावर. डोक्यावर टोपी, आणि ती काढायला तयार नाही. शेवटी आईनेच काढली.

"डॉक्टर, तिकडच्या पाण्यानं पोराचं डोकं खाल्लं. आठ दिवसांनी मुलीकडचे बघायला येतायत. कायतरी करा."

आठ दिवसांत काय होणार? पण या माउलीसारखे प्रश्न घेऊन वर्षभरात इतके जण येतात, की या वेळी सदरात हाच विषय घ्यायचे ठरवले.

आधी पाण्याचे पाहू. आखाती देशांत बहुतेक पाणी समुद्राचे, मीठ काढून गोडे केलेले असते. पाण्यामुळे केस राठ होतील, गुंततील, फार तर मध्येच तुटतील. पण पाणी तर साऱ्या डोक्यावर पडते. मग कानावरचे आणि मानेवरचे केस शाबूत राहून फक्त कपाळाचे दोन कोपरे आणि भोवऱ्याची जागाच कशी उघडी पडते? आम्ही आईला विचारले, घरात कुणाला टक्कल आहे का? "छे, कुणाला नाही." मग मुलाने मोबाईलमध्ये एका जुन्या लग्नाचा फोटो दाखवला. पहिल्या रांगेत त्याचे अब्बा, दोन चाचा आणि एक मामू. चौघांच्याही डोक्यावर टोप्या! आम्ही नुसते आईकडे पाहिले, आणि तिला हसू आले.

पुरुषांच्या या टकलाचे मूळ आनुवंशिकतेत आणि हार्मोनमध्ये आहे. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन असते. त्याचे एका एन्झाइममुळे डीएचटी नावाच्या जास्त जोरकस हार्मोनमध्ये रूपांतर होते. कपाळाकडच्या आणि भोवऱ्याच्या केसांची मुळे काही घराण्यांत या डीएचटीला फार लवकर बळी पडतात. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळतो, त्याच मुळातून नवा उगवतो. डीएचटीचा मारा सुरू झाला की प्रत्येक फेरीत वाढीचा काळ आखूड होतो आणि नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो. होता होता जाड काळ्या केसाच्या जागी लव उरते. मूळ सुरुवातीला मेलेले नसते, आक्रसलेले असते. उपचाराची सारी आशा एवढ्या एका गोष्टीवर टिकून आहे आणि म्हणूनच वेळेला महत्त्व आहे.

हे ज्ञान मिळाले कसे, तेही मजेशीर आहे. खोजांना टक्कल पडत नाही हे ग्रीक हकीम हिपोक्रेटिसच्या काळापासून लोकांना ठाऊक होते. १९४२ मध्ये अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी ते शास्त्रीय रीतीने तपासले. तारुण्यापूर्वीच अंडकोश गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे हार्मोन आणि घराणे, दोन्ही लागतात. पुढे १९७४ मध्ये डोमिनिकन रिपब्लिक या छोट्या देशातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांत ते एन्झाइम जन्मतःच कमी होते. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत होती आणि टक्कल पडत नव्हते. ते एन्झाइम अडवणारे फिनास्टेराइड हे औषध त्यातूनच आले. आधी प्रोस्टेटसाठी, आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी.

टक्कल असलेल्याच्या रक्तात मर्दानगीचे हार्मोन जास्त असते, हा समज खरा नाही. बहुतेकांत ते इतरांइतकेच असते, मुळांची संवेदना तेवढी वेगळी. टक्कल आईच्या बापाकडून येते, हेही अर्धेच खरे. एक महत्त्वाचे जनुक आईकडून येते हे बरोबर, पण बाकीची अनेक दोन्हीकडून येतात. त्यामुळे सुनेच्या माहेरावर खापर फोडायला जागा नाही. आणि टोपी घातल्याने टक्कल पडते म्हणून जी मुले नमाज संपताच टोपी खिशात कोंबतात, त्यांनी ती खुशाल घालावी. केसाच्या मुळाला लागणारा प्राणवायू रक्तातून येतो, वरच्या हवेतून नाही.

आता सुरुवात ओळखायची कशी? लोक गळलेले केस मोजत बसतात. रोज पन्नास ते शंभर केस जाणे कुणाच्याही बाबतीत स्वाभाविक आहे. या टकलात गळण्यापेक्षा बारीक होणे आधी दिसते. कपाळाचे दोन कोपरे मागे सरकतात. भोवऱ्याजवळ दिव्याच्या उजेडात कातडी चमकते. भांग रुंद वाटतो. वरचे केस कापूनही महिनाभर वाढल्यासारखे वाटत नाहीत, मागचे मात्र मानेवर येतात. हे सगळ्यांत आधी कळते ते न्हाव्याला, पण तो गिऱ्हाइकाला दुखवत नाही! काही मुलांत हे अठरा-विसाव्या वर्षीच सुरू होते. आम्ही सांगतो, दर ईदला एकाच जागी, एकाच उजेडात डोक्याचा वरून एक फोटो काढून ठेवा. आरशापेक्षा तो खरे बोलतो.

ओंजळीने केस येत असतील तर मात्र वेगळा विचार करावा. डेंग्यू, टायफॉइड, मोठे ऑपरेशन किंवा उपाशी राहून वजन उतरवणे, यानंतर दोन-तीन महिन्यांनी साऱ्या डोक्याचे केस झडतात आणि बहुधा आपोआप परत येतात. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिचे औषध वेगळे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील काही गावांत जे घडले ते वाचकांना आठवत असेल. बायका, मुले, पुरुष, कुणालाही न सोडता तीन-चार दिवसांत डोकी उघडी पडली. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. मग आपल्या कोकणातले, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लोकांच्या खाण्यातल्या रेशनच्या गव्हाकडे आणि त्यातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. तिथल्या तरुण मुलामुलींचे जे हाल झाले त्यांत केस थोडे आणि लोकांची नजर जास्त होती. सांगायचे ते एवढेच की दिवसांत गेलेले केस आणि वर्षांत गेलेले केस, यांची कारणे एक नसतात. त्यामुळे आधी त्वचारोगतज्ज्ञाला डोके दाखवावे. गरज वाटली तर तो हिमोग्लोबिन, थायरॉइड वगैरे तपासायला सांगेल.

तेलाबद्दल न लिहिले तर पत्रे येतील. आपले खोबरेल केसाचा दांडा जपते, त्यातले प्रोटीन झिजू देत नाही, ते जरूर लावावे. पण मुळाशी चाललेला डीएचटीचा कारभार त्याने थांबत नाही. कलौंजी, माका, मेंदी यांचेही तेच. कांद्याच्या रसाचा दाखला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी केलेला तो छोटा प्रयोग चाईवर होता, या टकलावर नव्हे. उमऱ्याहून आल्यावर केस दाट आले असे वाटते, कारण वस्तऱ्याने कापलेल्या केसाचे टोक बोथट असते. मुळाला वस्तऱ्याची खबरही नसते. या सगळ्यांत पैसे फारसे जात नाहीत, जातात ती तीन-चार वर्षे. आमच्या कुवेतवाल्यानेही चार वर्षे तेलातच घालवली होती.

उपयोग सिद्ध झालेली औषधे मुख्यतः दोन. पहिले मिनॉक्सिडिल. ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा तिचे डोक्याला लावायचे औषध झाले. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचे, एक-एक मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्यावर. पहिल्या महिना-दीड महिन्यात केस उलट जास्त गळतात. याच वेळी निम्मे लोक बाटली फेकून देतात. ते जुने केस नव्यांना वाट देत असतात, घाबरू नये. फरक चार ते सहा महिन्यांनी कळतो, भोवऱ्यावर चांगला, कोपऱ्यांत कमी. आणि औषध सोडले की काही महिन्यांत मिळालेले परत जाते. खाज, चेहऱ्यावर लव, क्वचित धडधड होऊ शकते. हृदयविकार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय लावू नये. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी तिच्यापासून दूर ठेवा, तिला हे औषध विषासारखे आहे.

आता हमखास येणारा प्रश्न, यात अल्कोहोल असते, मग नमाजचे काय? बऱ्याच बाटल्यांत ते असते, हे खरे. बाहेरून लावायच्या औषधातील अशा अल्कोहोलला अनेक उलेमांनी सवलत दिली आहे, काहींना ती मान्य नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मौलानांना विचारावे आणि औषधाच्या दुकानात अल्कोहोलविरहित बाटली मागावी, तीही मिळते. वुजूचा अडथळा नाही, औषध वाळते, डोक्यावर थर उरत नाही. इशानंतर एकदा आणि फजरनंतर एकदा लावले की वेळही बरोबर साधते. रोज्यात डोक्याला लावल्याने रोजा तुटत नाही, गोळी मात्र सेहरीला किंवा इफ्तारनंतर.

ती गोळी म्हणजे वर सांगितलेली फिनास्टेराइड. बहुतेकांत ती गळती थांबवते, काहींचे केस थोडे दाटही होतात. पण ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची गोळी नव्हे. थोड्या लोकांत पती-पत्नीच्या संबंधातील इच्छा किंवा ताकद कमी होते, काहींना उदास वाटते. असे झाले तर लाजू नये, लगेच सांगावे. नवीन निकाह झालेल्यांनी आणि मूल व्हावे अशी इच्छा असणाऱ्यांनी तर आधीच बोलावे. गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नये.

केसांचे रोपण ही तिसरी वाट. मागच्या भागातील मुळे डीएचटीला दाद देत नाहीत आणि पुढे लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत, यावर ते चालते. स्वतःचेच केस असल्याने अनेक उलेमा त्याला जायज मानतात. पण मागचा साठा मोजका असतो. विसाव्या-बाविसाव्या वर्षी घाई केली तर पुढे लावलेले राहतात, त्यांच्या मागचे जातात आणि मध्येच बेट दिसते. लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात, खरे रूप यायला वर्ष लागते. निकाहच्या आधी पंधरा दिवस करण्याचे हे काम नव्हे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यापाऱ्याने एका दमात हजारो मुळे लावून घेतली आणि त्यानंतर लवकरच त्याचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, केसरोपण कुणी करावे आणि दोन-चार दिवसांच्या शिबिरात ते शिकता येत नाही, हे लेखी बजावले. ब्यूटी पार्लरच्या वर जिना चढून जाण्यापूर्वी भिंतीवरची डिग्री वाचा, भूल देणारा डॉक्टर कोण तेही विचारा.

आमच्या मुलाला मुंबईतल्या एका दुकानाने चौथाच मार्ग सुचवला होता, डिंकाने चिकटवायचा केसांचा पॅच. आठ दिवसांत काम फत्ते. त्याने आगाऊ पैसेही भरले होते. आम्ही त्याला सही बुखारीतील एका प्रसंगाची आठवण दिली. मदिन्यातील एका मुलीचा निकाह झाला होता, आजारात तिचे केस गेले. घरच्यांनी दुसरे केस जोडण्याची परवानगी मागितली, आणि नबी (स.) यांनी ती दिली नाही. किती हळवा प्रसंग, आणि तरी नाही. शिवाय कातडीला डिंकाने चिकटवलेल्या पॅचखाली पाणी पोहोचत नाही, मग गुस्ल कसा व्हायचा? आम्ही मात्र त्याला याहून साधी गोष्ट विचारली. आठ दिवसांनी मुलगी तुला बघेल, पण निकाहनंतर किती दिवसांनी बघेल?

तो काही बोलला नाही. औषधाची चिठ्ठी घेतली, टोपी घातली आणि गेला.

दहा दिवसांनी त्याची आई दुकानात भेटली. मुलगा पाहुण्यांसमोर चहा घेऊन आला तो टोपी काढूनच, म्हणाली. "माझा तर जीव वर-खाली. मुलीच्या आजीनं पोराकडं नीट बघितलं आणि विचारलं काय, तर तिकडं खोली कंपनीची की भाड्याची?" रिश्ता ठरला. मुलीचे अब्बाही, असे कळले, टोपी क्वचितच काढतात.

परवा कुवेतहून त्याचा फोटो आला, सहा महिन्यांनंतरचा, वरून काढलेला. भोवऱ्यावर काळी सावली धरली आहे. कपाळाचे कोपरे होते तिथेच आहेत.