हंगाम मागता, मोजणार कोण?

रानडुकरांच्या कळपाने रातोरात भुईमुगाचं वावर उकरून ठेवलं, की गावात एक मागणी हमखास उठते : अमेरिकेसारखा शिकारीचा हंगाम ठरवा, परवाने द्या, बघा प्रश्न मिटतो की नाही! शहरातले बंदूकशौकीनही त्यात सूर मिसळतात. शेतकऱ्याचा संताप खरा आहे. माळ्यावर बसून रात्रभर डबे बडवणाऱ्याला निसर्गप्रेमाचे धडे देणं हा कोडगेपणाच. मागणी मात्र कच्ची आहे.

एक तर हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते, बंदीकाळ होता. रात्री, मोटारीतून किंवा पाणवठ्यावर शिकार करायची नाही, असंही बजावलेलं होतं. १९९१च्या दुरुस्तीने परवाने गेले. त्याआधी इंग्रजी अमलातही १९१२च्या कायद्याने बंदीकाळ ठरवता येत असे. पण तणमोराची कथा ऐका. एरवी गवतात दडून राहणारा हा पक्षी पावसाळ्यात मादीला रिझवण्यासाठी गवताच्या वर उड्या मारतो. तेव्हाच तो नजरेस पडतो, म्हणून साहेबलोक त्याला नेमका तेव्हाच टिपत. ऐन विणीत!

अमेरिकेतला हंगाम म्हणजे कॅलेंडरवरच्या दोन तारखा नव्हेत. बदकं मारणाऱ्याला १९३४पासून सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं. तेव्हा ते एक डॉलरला होतं, आता २५ डॉलरला. त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. दर वर्षी विमानातून बदकं मोजतात. हंगाम किती दिवसांचा आणि माणशी किती पक्षी, हे त्यानंतर ठरतं. बंदुकीत तीनच काडतुसं. मारलेलं बदक घरी नेताना डोकं किंवा एक पंख पिसांसकट तसाच ठेवावा लागतो, म्हणजे वाटेत अडवणाऱ्या अधिकाऱ्याला जात ओळखता येते. आपल्याकडे तालुक्यात डुकरं किती, एवढं तरी विचारून पाहावं.

आणि गंमत म्हणजे, ज्या डुकरासाठी हा खटाटोप, त्याला टेक्सासमध्ये हंगामच नाही. बारमाही शिकार चालते, २०११पासून हेलिकॉप्टरमधूनही. तरी तिथे डुकरं लाखोंनी आहेतच. मिसूरीच्या वन्यजीव खात्याने तर आपल्या जमिनींवर डुकरांची हौशी शिकारच बंद केली. बारामुळे कळप पांगतो, नव्या शिवारात शिरतो आणि सापळ्यात येईनासा होतो, हा तिथला अनुभव.

शेतकऱ्याने मग हात बांधून बसावं? मुळीच नाही. उभ्या पिकाला धोका असेल, तर १९७२च्या त्याच कायद्याच्या कलम ११ खाली विशिष्ट भागातल्या डुकरांच्या शिकारीची परवानगी आजही देता येते. दार आहे, ते वेळेवर उघडत नाही, हे खरं दुखणं. शेंगा भरायच्या आत परवानगीचा निकाल, माती ओली असतानाच पंचनामा आणि पुढच्या पेरणीआधी भरपाई, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात घाला.