चिप निर्दोष कधीच नव्हती

१/ फ्लॅश मेमरीच्या इतिहासात एक गैरसमज ठाण मांडून बसला आहे: चिप निर्दोष बनू लागली, म्हणून मेमरी कार्ड भरवशाचे झाले. घडले ते नेमके उलट. चिप स्वस्त आणि दाट होत गेली, तसतसे तिचे सेल अधिक कच्चे होत गेले. भरवसा निर्माण केला तो दोषांची नोंद ठेवण्याच्या शिस्तीने.

२/ तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी आणि १९८७ मध्ये तिचा ‘नँड’ प्रकार जगापुढे मांडला. सेलमधील विद्युतभार धरून ठेवणारा पातळ थर प्रत्येक वेळी लिहिताना-पुसताना झिजतो. शिवाय पुसायचे तर अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो.

३/ सर्वस्वी निर्दोष चिपाच विकायच्या, तर बराच माल फेकून द्यावा लागला असता. म्हणून खराब ब्लॉकांवर कारखान्यातच खूण करून चिपा विकल्या जाऊ लागल्या. १२८ मेगाबिट नँड चिपच्या माहितीपत्रकात १०२४ पैकी किमान १००४ ब्लॉक चांगले, एवढीच हमी असे.

४/ परभणीच्या कापूस उत्पादकाला हा विचार परका नाही. बी उगवले नाही की ओळीत नांग्या पडतात. जाणता शेतकरी पिशव्यांत जादा रोपे तयार ठेवतो आणि नांग्या भरतो. एली हरारी, रॉबर्ट नॉर्मन आणि कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा यांच्या १९८९ च्या पेटंट-अर्जाचे एक सूत्र हेच होते: खराब सेलचे काम राखीव सेलकडे सोपवावे आणि त्याची नोंद चिपमध्येच ठेवावी.

५/ १९९५ मध्ये अमीर बान यांना मिळालेल्या पेटंटाने पुढचा टप्पा गाठला. संगणक विचारतो तो पत्ता एक, माहितीची प्रत्यक्ष जागा दुसरी. दोहोंची सांगड एक तक्ता घालतो. झीज सर्व ब्लॉकांवर सारखी वाटणे आणि चुका गणिताने दुरुस्त करणे, या उपायांची जोड मिळाल्यामुळेच एका सेलमध्ये तीन बिट साठवणे व्यवहार्य ठरले.

६/ आक्षेप दोषांना नाही, लपवाछपवीला आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार पिशवीच्या लेबलावर उगवणशक्ती छापावी लागते. सोयाबीनसाठी ती किमान ७० टक्के. मेमरी कार्डाच्या पाकिटावर मात्र क्षमता आणि वेग तेवढा ठळक. राखीव ब्लॉक किती उरले, हे कार्डातील नियंत्रकाला ठाऊक असते. सामान्य कार्डाच्या मालकाला ते पाहण्याची सोय नसते. एसएसडी आपली झीज सांगते. म्हणजे अडचण तंत्राची नाही.

७/ ‘ग्राहकाला हे कळून काय उपयोग?’ हा युक्तिवाद उद्धट आहे. गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासणारा आणि त्यावरून पेरणीचे प्रमाण ठरवणारा शेतकरी झिजेचा आकडाही वाचू शकतो. तो आकडा वेळेत दिसला, तर लग्नाची छायाचित्रे आणि जमिनीची कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेता येतात. कार्ड बंद पडल्यावर तो समजून काही हाती लागत नाही. उरलेल्या आयुष्याचा आकडा ग्राहकाला दाखवणे सक्तीचे झालेच पाहिजे.