उत्तर न देणारें पान

शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर आपल्या कबनूरचा सातबारा पाहावयाचा असेल, तर कोल्हापूर जिल्हा व हातकणंगले तालुका निवडावा; त्यासरशी गांवांची यादी पुढें उभी राहते. अशी यादी बहुधा पानाबरोबर आलेली नसते. ब्राउझरांत चालणारी स्क्रिप्ट, घरच्या मुलानें चिठ्ठी घेऊन कचेरींत जावें तशी, दूरच्या सर्व्हरवरील प्रोग्रॅमकडे जाते व तेवढीच यादी मागून आणते. पान जागचें हलत नाहीं. ही सोय १९९९ सालीं इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तींत आली, आणि २००५ सालीं जेसी जेम्स गॅरेट यांनीं या रीतीस एजॅक्स हें नांव दिलें.

सोय मोठी खरी; पण तिनें एक गोष्ट हिरावून घेतली, असें आम्हांस वाटतें. पूर्वीं बटन दाबतांच सारें पान पुसून नवें येत असे. न आलें तर ब्राउझर स्वतःच तक्रार करी. आतां चिठ्ठी वाटेंत हरवली तरी पान जसेंच्या तसें! स्क्रिप्ट लिहिणारानें तजवीज केली नसेल, तर कोणीच कांहीं सांगत नाहीं. माग बंद ठेवून मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसलेल्या पालकास तो गेला कीं राहिला हें कळूं नये, हा आमच्या मतें कारागिरीचा दोष होय. 'नेट गेलें' ही सबब आम्हांस पटत नाहीं.

शिवाय उत्तर आलें नाहीं म्हणजे काम झालें नाहीं, असेंहि नव्हे. कधीं चिठ्ठी पोंचते, काम होतें, आणि परतीचें उत्तर मात्र वाटेंत गळतें. मनुष्य पुन्हा बटन दाबतो, व फी दोनदां कापली जाते. यास उपाय आहे. प्रत्येक मागणीस स्क्रिप्टनें आरंभींच एक क्रमांक लावावा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हरनें काम दुसऱ्यानें न करितां पहिलेंच उत्तर परत द्यावें.

आमच्या मुलांस पान देखणें करण्याची हौस फार. फिरतें चक्र तर हवेंच! पण जावास्क्रिप्टमधील फेच हें साधन, सर्व्हरनें ४०४ किंवा ५०० असा नकार पाठविला तरी, त्यास चूक मानीत नाहीं. उत्तर आलें एवढेंच तें जाणतें. होकार कीं नकार हें लिहिणारानेंच तपासावयाचें असतें, आणि किती वेळ वाट पाहावयाची हेंहि त्यानेंच ठरवावयाचें असतें. मुलांनीं आपलें पान तयार होतांच एकदां नेट तोडून बटन दाबावें, आणि पान काय बोलतें तें घरच्यांस वाचून दाखवावें.