फूटपट्टीचा दोष

लॅटिन पद्याच्या इतिहासात एक शेरा वेगवेगळ्या शब्दांत भेटत राहतो: व्हर्जिल-होरेसनंतर छंद बिघडला आणि ख्रिस्ती स्तोत्रकारांनी तो पार मोडला. ऱ्हस्व-दीर्घाचं भान नाही, यमकाच्या कुबड्या, एकूण गावंढळ कारभार. हा शेरा चुकीचा आहे, आणि त्याच्या नादानं चांगल्या कवितेची नासधूस झालेली आहे.

अभिजात लॅटिन पद्य आपल्या संस्कृत वृत्तांसारखं लघु-गुरूंवर चालतं. ऐकणाऱ्याच्या कानात ऱ्हस्व-दीर्घ भेद जिवंत असेल तोवरच ते वाजतं. ख्रिस्ती स्तोत्रं रचली जात होती त्या शतकांत बोलीतून हा भेद जात होता आणि शब्दावरचा आघात ठळक होत होता. 'ओस' या शब्दातला 'ओ' आखूड असेल तर हाड, लांब असेल तर तोंड. हा फरक आफ्रिकेतल्या कानांना कळत नाही, अशी नोंद खुद्द ऑगस्टीननं केली आहे. 'दिन' आणि 'दीन' बोलताना आपलंही तेच होतं.

याच ऑगस्टीननं सुमारे ३९३ साली डोनाटपंथीयांविरुद्ध लोकांनी म्हणायचं एक गीत लिहिलं. त्याला वृत्तं येत नव्हती असं म्हणायची सोय नाही. लय आणि वृत्त या विषयावर त्यानं ग्रंथ लिहिला होता. या गीतात मात्र अभिजात वृत्त त्यानं मुद्दाम टाळलं. वृत्तासाठी लोकांच्या ओळखीचे नसलेले शब्द घ्यावे लागू नयेत, हे कारण त्यानंच पुढे सांगितलं. म्हणून त्यानं नियम सोडले का? मुळीच नाही. कडव्यांची आद्याक्षरं वर्णमालेच्या क्रमानं येतात, ओळीचे दोन तोलदार भाग पडतात, प्रत्येक ओळ 'ए' ध्वनीवर संपते आणि ध्रुपद परत परत येतं.

मिलानच्या अँब्रोजनं लघु-गुरू सांभाळले, हे खरं. पण त्याचा साचा पाहा: आठ अक्षरांची ओळ, चार ओळींचं कडवं, आठ कडवी. पुढच्यांनी लघु-गुरू सोडून अक्षरसंख्या आणि आघात तेवढे ठेवले, तरी तो साचा शतकानुशतकं गायला गेला.

ग्रीकमधली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सहाव्या शतकातल्या रोमानोसची कडवी अक्षरसंख्येत आणि आघातांच्या जागांत एकमेकांशी जुळतात. हस्तलिखितांत मात्र ती गद्यासारखी सलग लिहिलेली असत, आणि पश्चिम युरोपातले विद्वान असल्या रचनांना गद्यच समजत. १८५९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पित्रा या फ्रेंच पंडिताला एका हस्तलिखितातल्या लाल ठिपक्यांवरून त्यांतला छंद उमगला. छंद कडव्यांत होताच. वाचणारे जुन्या फूटपट्टीनं मोजत होते, म्हणून तो सापडत नव्हता.

या फूटपट्टीचा सर्वांत मोठा पराक्रम १६३२ सालचा. पोप आठवा अर्बन स्वतः लॅटिन कवी होता. त्याच्या आज्ञेवरून चार जेझुइटांनी रोमन प्रार्थनाग्रंथातली स्तोत्रं शेकडो ठिकाणी 'शुद्ध' केली. यरुशलेमच्या नगरीवरचं एक जुनं आघाती स्तोत्र तर उचलून वेगळ्याच वृत्तात बसवलं. लॅटिन आलं, भक्ती गेली, असा टोमणा त्यावर प्रसिद्ध आहे. बेनेडिक्टाइन मठांनी जुनेच पाठ चालू ठेवले. मूळ पाठ रोमन प्रार्थनाग्रंथात परत यायला १९७१ साल उजाडलं.

अर्बनच्या दुरुस्तीच्या जेमतेम सोळा वर्षं आधी, १६१६ साली, गोव्यात थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं होतं. हाही जेझुइटच. त्यानं मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या. ओवीत लघु-गुरू मोजत नाहीत. तीन यमकी चरण आणि आखूड चौथा, एवढ्या बळावर ती कथा वाहून नेते. इथल्या लोकांचा कान कशावर डोलतो हे या परदेशी माणसानं ओळखलं, आणि त्याच्याच संघातली विद्वान मंडळी रोममध्ये आपल्याच स्तोत्रांचा कान पिळत बसली.

मग काय, काहीही खपवायचं? नाही. रोमानोसच्या कडव्यात एक अक्षर जास्त झालं तर चाल अडखळते, ती चूकच. पण चूक ठरवायची ती त्या रचनेनं स्वतः पत्करलेल्या नियमानं. कोडची चाचणी चारशे वर्षांपूर्वीच्या स्पेसिफिकेशनवर घेतली, तर आम्ही प्रोग्रामला नापास करत नाही, चाचणी बदलतो. आजही अभंगाला 'वृत्ताच्या खालची पायरी' म्हणणाऱ्यांनी आधी आपली फूटपट्टी तपासून घ्यावी.