गाणं तोंडात असतं म्हणणाऱ्यांनो

सिद्धार्थ भाटिया नावाच्या पत्रकारानं २०१४ साली 'इंडिया सायकेडेलिक' हे पुस्तक काढलं. साठ-सत्तरच्या दशकात शहरातली पोरं केस वाढवून गिटार बडवायची, त्या रॉकचा इतिहास. ती पोरं आता म्हातारी झाली. भाटियानं त्यांना गाठलं, बोलतं केलं, लिहून ठेवलं. एका सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' स्पर्धा भरायची. तिच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या निघाल्या. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट बँडची गाणी २०११ साली अमेरिकेतल्या कंपनीनं पुन्हा काढली. मूठभर बँड, पण सातबारा शाबूत.

मी जालन्याचा. मुंबईत गोदीत माल उपसतो, कविता करतो, शिक्षण मॅट्रिक. ह्या पुस्तकावर माझा राग नाही. राग आहे तो आपल्याच शहाण्यांवर.

त्याच मुंबईत १९७२ साली पँथर जन्मली. त्याच काळात वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडत होते. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे गात होते. ही मोठी नावं टिकली. पण बदनापूर, अंबड, परतूर, भोकरदनच्या वस्त्यांत जयंतीला रात्र जागवणाऱ्या गायन पार्ट्या? त्यांची वही कुणी ठेवली?

शहाणे म्हणतात, 'आपलं गाणं लोकांच्या तोंडात आहे, कपाट कशाला?' च्यायला, तोंडात! तोंड मेलं की गाणं मेलं. आणि त्याआधी मरतो कवी. शेवटच्या कडव्यात त्यानं आपलं नाव गुंफलेलं असतं. नवा गाणारा तेवढंच कडवं गाळतो. कंपनीवाला 'पारंपरिक' छापून पैसे खिशात घालतो. मग पंडित येतो, म्हणतो हे लोकगीत, ह्याला कर्ता नसतो. वा रे वा! सिगारेटवाल्यांच्या गिटारीला कर्ता, आणि आमच्या ढोलकीला नाही?

१९९७ साली रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घालून दहा माणसं मारली. शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. त्याचा आवाज आज ऐकता येतो, कारण आनंद पटवर्धनांनी तो आधीच फिल्मवर घेतला होता. बाकीच्या शाहिरांपुढं कुठला कॅमेरा होता?

होत्या त्या कॅसेटी. फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोखंडी भुकटी. दमट हवेत ती सुटते, बुरशी धरते, पत्र्याखालच्या उन्हात पट्टी आखडते. जालन्याच्या भट्ट्यांत भंगाराच्या सळया तरी होतात, ह्या भंगाराचं काहीच होत नाही.

तेव्हा पोरांनो, भाटियाला शिव्या देत बसू नका. त्यानं केलं ते करा. येत्या १४ एप्रिलच्या आधी घरातली एकेक कॅसेट काढा, मोबाईलमध्ये भरून घ्या. शेजारी बसून म्हाताऱ्यांना विचारा: लिहिलं कुणी, गायलं कुणी, साल कुठलं, गाव कुठलं. माझ्या आत्याच्या कॅसेटवर तिनं गाणाऱ्याचं नाव सांगितलं. ढोलकीवाल्याचं तिला आठवेना. मंठ्याचा होता, एवढंच म्हणाली. मंठ्याचं कुणी वाचत असेल तर कळवा.