त्यालाही विचारा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. प्रमुख जिल्हा न्यायाधीश, मा. पोलीस अधीक्षक, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, कोल्हापूर;
तसेच राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचे सर्व सदस्य

विषय : मनाच्या आजारासाठी माणसाला दाखल करताना त्याला विचारण्याबाबत



तक्रार करण्याआधी माझा स्वतःचा गुन्हा सांगते. २०१९च्या पावसाळ्यात मी धाकट्या भावाला ‘देवाला जाऊन येऊ’ म्हणून जीपमध्ये बसवलं. नेहमीचा फाटा मागं पडला तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग सगळा रस्ता तो गप्प राहिला. तो फाउंड्रीत मोल्डर आहे. त्या वेळी आठ रात्री त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता. भिंतीतून आपल्यावर कुणी बोलतंय म्हणून त्यानं विजेचा मीटर उखडला होता. घरात लहान मुलं होती. आम्ही घाबरलो होतो.

रुग्णालयात टेबलावर इंग्रजीतला छापील फॉर्म होता. समोरच्या माणसानं पेनच्या टोकानं दाखवलं, तिथं तिथं मी सही केली. भाऊ तिथंच बाकावर बसला होता. त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही, मीही नाही. तीन आठवड्यांनी भेटायला गेले तर म्हणाला, “आक्का, मला एकदा इचारायचं तरी.”

त्याला उपचाराची गरज होती, हे मी आजही म्हणते. कधी कधी माणसाला त्याच्या मनाविरुद्ध थांबवून ठेवावं लागतं, हे ज्यानं घरात सोसलंय त्याला कुणी शिकवायला नको. माझं म्हणणं निराळं आहे. थांबवण्याआधी, थांबवताना आणि थांबवल्यावर त्या माणसाला विचारायचं असतं. तसा कायदाच आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं.

कोल्हापूरला तर ही गोष्ट सगळ्यात आधी कळायला हवी होती. चौथे शिवाजी महाराज १८७१ साली लहान वयात दत्तक येऊन गादीवर बसले. पुढं इंग्रज सरकारनं त्यांना वेडं ठरवलं आणि १८८२मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. तिथं २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय अवघं वीस. त्याआधी त्यांच्या छळाविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं रान उठवलं होतं. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली, आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ते १०१ दिवस शाळेत सगळ्यांनी पाठ केलेत.

महाराज खरोखर आजारी होते की नव्हते, या वादात मला पडायचं नाही. पण या प्रकरणात दिवाण बोलले, साहेब बोलले, डॉक्टर बोलले, संपादक बोलले. महाराजांच्या बाजूनं उभे राहिलेलेही त्यांच्या वतीनंच बोलले. खुद्द महाराज काय म्हणत होते, ते आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? त्यांना दाद मागायला दार नव्हतं. माझ्या भावाला ते होतं, पण कुणी दाखवलं नाही.

ते दार म्हणजे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो २९ मे २०१८पासून लागू आहे. त्यात निर्णयक्षमतेची परीक्षा फार साधी आहे. सांगितलेलं कळतं का? ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटल्यावर काय होईल, ते उमगतं का? आणि आपलं म्हणणं बोलून, खुणेनं, कसंही कळवता येतं का? त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला अक्षम म्हणता येत नाही, हेही कायद्यानं स्पष्ट केलंय.

ही परीक्षा प्रत्यक्षात कशी होते, ते मी तीन वर्षांनी पाहिलं. दुसऱ्या एका ठिकाणी एक तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून भावासमोर बसल्या आणि विचारलं, “गोळी घेतली तर काय होईल, असं तुम्हाला वाटतं?” तो बराच वेळ हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, “झोप लागंल. पण हात थरथरतो. हात थरथरला की मोल्ड ढासळतो, आन् मुकादम हजेरी कापतो.” आम्ही घरचे वर्षभर ‘हा गोळ्या टाळतो, ह्याला काही कळत नाही’ म्हणत होतो. बाईंनी गोळी बदलली. त्यानं घेतली. हा प्रश्न विचारायला दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

मनाविरुद्ध दाखल करायचं तरी कायद्यानं मुदती घातल्या आहेत. मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं. पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. त्याच्या वतीनं दुसऱ्यानं संमती दिली असेल, तर त्याची क्षमता दर सात दिवसांनी पुन्हा पाहायची. म्हणजे मी एकदा केलेली सही महिनाभर पुरणार नव्हती. रुग्णानं हरकत घेतली तर मंडळानं सात दिवसांत निकाल द्यायचा. त्या मंडळात न्यायाधीश आहेत, डॉक्टर आहेत, आणि स्वतः आजारातून गेलेल्या माणसांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्यासाठी झटणाऱ्या संस्थांसाठी दोन जागा आहेत. पण बाकावर बसलेल्या माणसाला मंडळ नावाची काही चीज आहे हेच ठाऊक नसेल, तर त्यानं हरकत घ्यायची कुणाकडं?

चाळीस वर्षं कोल्हापूर उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी भांडलं. न्याय मुंबईला असला की गरीब माणूस तारीखच सोडून देतो, हे आपल्या वकिलांनी रस्त्यावर बसून सांगितलं. १८ ऑगस्ट २०२५ला सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं, तेव्हा गावानं पेढे वाटले. कुलूपबंद वॉर्डातल्या माणसाला तर पुढच्या गल्लीतलं न्यायालयही मुंबईएवढंच लांब. त्याच्यापर्यंत मंडळानंच चालत जायला हवं.

म्हणून मागण्या चारच, आणि एकीलाही नवा कायदा लागत नाही.

पहिली, दाखल होणाऱ्याच्या हातात त्याच दिवशी मराठीत एक कागद द्या आणि तो वाचून दाखवा : का ठेवलंय, किती दिवस, हरकत कुठं घ्यायची, फुकट वकील कसा मिळतो. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा त्याचा हक्कच आहे.

दुसरी, मंडळाचा पत्ता आणि फोन सीपीआर रुग्णालयापासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणि प्रत्येक खासगी मानसोपचार केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. सुनावणी रुग्णासमोर घ्या, नुसत्या फाइलवर नको.

तिसरी, रस्त्यावर भरकटलेल्या आजारी माणसाला पोलिसांनी २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं आहे. लॉकअपमध्ये ठेवायला कायद्यानं बंदी आहे. हे ठाण्यातल्या रात्रपाळीच्या हवालदारापर्यंत पोचवा.

चौथी मागणी आमच्या घरातली आहे. पुन्हा आजारी पडल्यास काय करावं आणि काय करू नये, हे सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं, आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. भावानं गेल्या दिवाळीनंतर ते लिहिलं. प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलं. ते वाचून मी आत जाऊन रडले. हात थरथरवणारी गोळी नको, कामावर कळवायचं ते पुतण्यानं कळवावं, असं चार-पाच ओळींत आहे. सगळ्यात वर लिहिलंय : ‘न्यायचं तर न्या, पण कुठं नेताय ते खरं सांगा.’

अशा कागदांची नोंद ठेवणं हे मंडळाचं काम आहे. आमचा कागद सध्या रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. तो कुठल्या टेबलावर आणून द्यायचा, तेवढं कळवावं. आम्ही दोघंही येऊ.

आपली,
एका मोल्डरची आक्का
कोल्हापूर