यंत्राची कुरकूर

पावसाळा सरतां सरतां आम्ही दाभोसा येथील धबधबा पाहावयास गेलों होतों. परततांना गांवांतील एका सुताराच्या पडवींत क्षणभर टेकलों. त्याचा विजेचा रंधा कर्कश ओरडत होता; तो भंगारांत घालून उसनवारीनें नवा घ्यावा, असें त्याच्या मनांत होतें.

आम्हीं वीज तोडून, पट्टा काढून मोटारीचा आंस बोटांनीं फिरविला. तो खरखरला व किंचित् हललाही. झिजलें होतें तें केवळ बेअरिंग! परंतु रंधा तसाच चालविला असता, तर फिरता गाभा भोंवतालच्या भागास घांसून तारांचीं वेटोळीं जळालीं असतीं.

कडीवर ६२०० असें कोरलेलें होतें. अशा चार आंकडी क्रमांकाचे शेवटचे दोन आंकडे आंतील भोंकाचें माप सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, ०४ पासून पुढें पांचपट धरावी. भुशाच्या कामास रबरी झांकणाचेंच घ्यावें.

आंसावर बसवितांना योग्य मापाची नळी घेऊन आंतील कडीवरच सारखा दाब द्यावा. बाहेरील कडीवर हातोडी मारल्यास घाव गोळ्यांतून जाऊन त्यांच्या वाटेंत खळगे पाडतो, आणि नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं जुनें होतें.

जव्हारहून बेअरिंग आणविलें, आणि रंधा पुन्हां कामास लागला. घरचा पंखा घरघरूं लागल्यास तो टाकण्यापूर्वीं वाचकांनींही एवढें पाहावें, अशी आमची विनंति आहे.